पोर्ट उघडला, फायरवॉलही बंद केली, तरी बागेतून घरचे कॅमेरे दिसत नाहीत. अडतंय कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. घर नाशिकला इंदिरानगरमध्ये, द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात. घरी आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) आहे. घरच्या वाय-फायवर मोबाईलमध्ये आठही कॅमेरे दिसतात, बागेत गेलं की एकही दिसत नाही. कॅमेरे बसवणाऱ्या मुलाने राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं. ते चाललं नाही म्हणून डीएमझेड चालू केलं, आणि शेवटी जाताना फायरवॉलच बंद करून ठेवली. तरी काही उपयोग नाही. शिवाय माझ्या मुलाच्या एक्सबॉक्सवर ‘एनएटी स्ट्रिक्ट’ असं येतं. राउटर बदलावा का?

राउटर बदलू नका, निदान आत्ता तरी नको. आज घरी गेल्यावर आधी दोन गोष्टी करा: डीएमझेड बंद आणि फायरवॉल पुन्हा चालू. त्याने कॅमेरे दिसायला लागणार नाहीत, पण तुमच्या वर्णनावरून ते तसेही दिसत नाहीयेत. मग उघडं ठेवून मिळतंय काय?

हे एवढ्या घाईने सांगायचं कारण कळायला राउटर आत येणाऱ्या ट्रॅफिकचं काय करतो ते थोडं समजून घ्या. घरात मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप, डीव्हीआर मिळून पंधरा-वीस उपकरणं असतात आणि बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता एकच असतो. राउटरचं काम अंबडच्या एखाद्या कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनसारखं चालतं. आतून कोण कशासाठी बाहेर गेलं याची तो वहीत नोंद करतो, आणि परत येणाऱ्याला ती नोंद बघून आत सोडतो. याच कामाला एनएटी म्हणतात. तुमच्या मोबाईलने एखाद्या साइटला काही विचारलं तर त्या साइटचं उत्तर आत येतं, कारण नोंद आहे. न विचारता बाहेरून कोणी आलं तर वहीत त्याचं नाव नसतं, म्हणून राउटर ते पॅकेट (डेटाचा तुकडा) टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या वहीत आपण हाताने लिहून ठेवलेली कायमची ओळ: अमुक नंबरच्या पोर्टवर, म्हणजे त्या एकाच पत्त्याच्या क्रमांक दिलेल्या दारावर, कोणीही आलं तर त्याला डीव्हीआरकडे पाठव. आणि डीएमझेड म्हणजे ज्याचं नाव वहीत नाही असा झाडून प्रत्येक जण डीव्हीआरकडे. एक पोर्ट नाही, पासष्ट हजारांवर पोर्ट एका फटक्यात.

मोठ्या ऑफिसांमध्ये डीएमझेड हा नेटवर्कचा वेगळा काढलेला भाग असतो. तिथला सर्व्हर हातचा गेला तरी तिथून आतल्या नेटवर्कमध्ये शिरता येत नाही. घरगुती राउटरमध्ये त्याच नावाचं बटण असतं, पण वेगळा भाग वगैरे काही नसतो. डीव्हीआर तुमच्या लॅपटॉपच्या शेजारीच बसलेला असतो. डीव्हीआरमध्ये कोणी शिरलं की तो घरातच शिरला.

‘आमच्या घराचा पत्ता कोणाला माहीत आहे?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. पत्ता माहीत असावा लागत नाही. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन बनवलं. एक गिगाबिटची लाइन आणि एक साधा सर्व्हर घेऊन ते जगातल्या सगळ्या आयपीव्ही४ पत्त्यांवर एखादा पोर्ट उघडा आहे का, हे पाऊण तासाच्या आत तपासतं. शोडानसारखं सर्च इंजिन तर २००९ पासून इंटरनेटला जोडलेल्या उघड्या उपकरणांची यादीच ठेवत आलं आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने काय केलं? टेलनेटचा (दुरून उपकरणाला हुकूम द्यायच्या जुन्या सोयीचा) पोर्ट उघडा असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर शोधायचे, कारखान्यातून येताना असलेल्या साठेक यूजरनेम-पासवर्डच्या जोड्या एकेक करून लावून बघायच्या, आणि जमलं की ते उपकरण आपल्या फौजेत घ्यायचं. त्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या डीएनएस कंपनीवर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या) हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येकांना तासन् तास उघडेनात. आता बघा, तुमच्या माणसाने नुसता कॅमेऱ्याचा पोर्ट फॉरवर्ड केला असता तर टेलनेट निदान बंद राहिला असता. डीएमझेडने तोही उघडला. तुम्ही आजवर वाचला असाल, तर ज्या कारणाने कॅमेरे दिसत नाहीयेत, त्याच कारणाने.

आता त्या कारणाकडे येऊ.

राउटरच्या सेटिंगचं पान उघडा. त्यात ‘स्टेटस’ किंवा ‘वॅन’ (राउटरची इंटरनेटकडची बाजू) अशी जागा असते आणि तिथे एक आयपी पत्ता लिहिलेला असतो. तो कागदावर उतरवून घ्या. मग त्याच वाय-फायवरून ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी काय’ असं शोधून कुठल्याही साइटवर दिसणारा पत्ता बघा. मोबाईलमध्ये व्हीपीएन चालू असेल तर आधी बंद करा. साइटने विसर्गचिन्हासारख्या टिंबांचा लांबलचक पत्ता दाखवला तर तो आयपीव्ही६ आहे, तो इथे धरायचा नाही. चार आकड्यांचा आयपीव्ही४ बघायचा.

दोन्ही पत्ते तंतोतंत एकच असतील तर नशीबवान आहात, बाहेरचा रस्ता तुमच्या दारापर्यंत येतो. वेगळे असतील तर मधे आणखी कोणीतरी नोंदवही घेऊन बसलं आहे, आणि त्याच्या वहीत तुमची ओळ नाही. तुमच्या राउटरमध्ये कितीही ओळी लिहा, बाहेरून येणारं पॅकेट तुमच्यापर्यंत पोचतच नाही. इतका वेळ जे चाललं होतं ते दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातला प्रकार होता.

मधे कोण बसलं आहे हे राउटरवरच्या वॅन पत्त्यावरूनच बहुधा कळतं. पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल, म्हणजे १००.७२ किंवा १००.११० असं काही, तर तुमच्या इंटरनेट कंपनीने तुम्हाला सीजीएनएटीच्या, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या नोंदवहीच्या, मागे ठेवलं आहे. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ घरं. यात कंपनीची बदमाशी नाही. आयपीव्ही४ चे पत्ते मुळात ४२९ कोटींच्या आसपास. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले आणि आशिया-पॅसिफिकचं खातं त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या राखीव साठ्यावर आलं. म्हणून २०१२ मध्ये खास या कामासाठी १००.६४ पासूनचे सुमारे ४२ लाख पत्ते बाजूला काढले गेले. जो ग्राहक नवा येईल त्याला स्वतंत्र पत्ता देणं कंपनीला महाग पडतं, म्हणून ही वाटणी.

वॅनचा पत्ता १९२.१६८, १०, किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल तर दोन शक्यता आहेत. एक तर कंपनीने हेच खासगी पत्ते वापरून तेच केलं आहे, किंवा घरातच दोन राउटर एकामागे एक लागले आहेत. हा दुसरा प्रकार आपल्याकडे फार दिसतो. नेटवाला फायबरचा डबा लावून जातो, त्या डब्यातच राउटर असतो. त्याचं वाय-फाय मागच्या बेडरूमपर्यंत पोचत नाही म्हणून आपण एमजी रोडवरून चार अँटेनांचा नवा राउटर आणतो आणि डब्याला जोडतो. झालं, दोन वॉचमन. ओळखायचं कसं? फायबरच्या डब्याचं स्वतःचं पान उघडा आणि त्याचा वॅन पत्ता बघा. तो सार्वजनिक असेल तर अडचण घरातली आहे.

घरातली अडचण सोडवायला सोपी. नवा राउटर फक्त वाय-फाय वाढवायला आणला असेल तर त्याला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, वही एकट्या डब्याकडे राहील. नव्या राउटरच्या सोयी हव्या असतील तर नेटवाल्याला सांगून डबा ब्रिज मोडमध्ये करून घ्या, म्हणजे वही एकट्या नव्या राउटरकडे राहील. त्यासाठी पीपीपीओईचं (नेट कंपनीकडच्या लॉगिनचं) यूजरनेम आणि पासवर्ड लागतो. ते आधी हातात घ्या आणि मगच ब्रिज करायला सांगा, नाहीतर रविवारी संध्याकाळी नेट बंद आणि नेटवाल्याचा फोनही बंद, अशी गत होते. तो ब्रिज करून देत नसेल तर डब्याच्या डीएमझेडमध्ये तुमच्या राउटरचा पत्ता टाका. हो, तेच डीएमझेड ज्याला मी वर नावं ठेवली. इथे चालतं, कारण ते डीव्हीआरला उघडं पाडत नाही. त्याच्या मागे तुमच्या राउटरची चालू फायरवॉल उभी आहे.

सीजीएनएटी असेल तर मात्र घरातल्या कुठल्याही बटणाने काही होणार नाही. कंपनीकडे पैसे भरून स्टॅटिक आयपी घेता येतो. पण मागताना नुसतं ‘स्टॅटिक आयपी’ म्हणू नका. ‘पब्लिक आयपीव्ही४ पत्ता, आणि बाहेरून आत येणारे पोर्ट बंद केलेले नकोत’ असं म्हणा, आणि जमल्यास मेलवर लेखी घ्या. न बदलणारा पण खासगी पत्ता ‘स्टॅटिक’ म्हणून गळ्यात मारल्याची उदाहरणं नाशिकमध्येच माझ्या पाहण्यात आहेत. ग्राहक महिन्याचं बिल भरत राहतो आणि कॅमेरा काही दिसत नाही. काही कंपन्या घरगुती जोडणीवर २५, ८० असे ठरावीक पोर्ट आत येताना अडवतात, तेही विचारून घ्या.

पण माझं मत विचाराल तर नुसते कॅमेरे बघायला स्टॅटिक आयपीवर पैसे घालू नका. आजकालच्या बहुतेक डीव्हीआरमध्ये पीटूपी नावाची सोय असते. डीव्हीआरच्या मेनूमध्ये ती चालू करायची आणि मोबाईलच्या ॲपने क्यूआर कोड स्कॅन करायचा. मग डीव्हीआर स्वतःहून बाहेर उत्पादकाच्या सर्व्हरशी जोडलेला राहतो, मोबाईलही तिकडेच जातो आणि दोघांची गाठ तिथे पडते. आतून बाहेर गेलेल्याची नोंद वहीत असतेच, त्यामुळे पोर्ट उघडावा लागत नाही, आणि सीजीएनएटी असो की दोन राउटर, काही फरक पडत नाही. किंमत अशी की तुमच्या दिवाणखान्याचं चित्र आणि तुमच्यामध्ये आता एक कंपनी आली. ती कंपनी बरी असावी, पासवर्ड दमदार असावा आणि फर्मवेअर (डीव्हीआरच्या आतलं सॉफ्टवेअर) ताजं असावं. हिकव्हिजनच्या बऱ्याच मॉडेलांमध्ये २०२१ साली अशी फट सापडली होती की पासवर्ड नसतानाही बाहेरून हुकूम चालवता येत होता. दुरुस्तीचं फर्मवेअर कंपनीने काढलं, पण घरोघरच्या भिंतीवर टांगलेल्या डब्यांमध्ये ते कोण जाऊन टाकणार? नवा डीव्हीआर किंवा कॅमेरे घ्यायचे असतील तर केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षा-चाचणीच्या अटी अधिसूचित केल्या आहेत. त्या चाचणीत पास झालेलं मॉडेल आहे का, हे दुकानदाराला विचारा. बिनब्रँडचा स्वस्त डीव्हीआर घेणं मी तरी टाळेन.

मधे कोणतीही कॅमेरा कंपनी नको असेल तर टेलस्केल किंवा झीरोटियरसारखं साधन वापरा. घरात कायम चालू राहणारं एक छोटं यंत्र लागतं, रास्पबेरी पाय किंवा जुना लॅपटॉप चालतो. ते आणि तुमचा मोबाईल एका खासगी जाळ्यात येतात आणि बागेतून तुम्ही घरच्या वाय-फायवर असल्यासारखे डीव्हीआरपर्यंत पोचता. हेही आतूनच बाहेर जोडतं, म्हणून सीजीएनएटीमागून चालतं.

बागेतल्या शेडवरही कॅमेरे लावून घरून बघायचा विचार कधी ना कधी तुम्ही करालच. बिबट्याची धास्ती असते, छाटणीच्या दिवसांत सामान पडलेलं असतं. तिथे सिमकार्डचा राउटर लावाल. मोबाईल डेटावर आयपीव्ही४ जवळपास नेहमी सीजीएनएटीमागेच असतो, तेव्हा तिथे पोर्ट फॉरवर्डिंगच्या वाटेला जाऊच नका. सरळ पीटूपी किंवा टेलस्केल लावा. आणि ॲपमध्ये मुख्य स्ट्रीमऐवजी सबस्ट्रीम निवडा. आठ कॅमेरे पूर्ण दर्जात ओढायला गेलात तर सिमचा दिवसाचा डेटा चहा पिऊन होईपर्यंत संपेल.

आता समजा तुमचा पत्ता सार्वजनिक निघाला, किंवा तुम्ही तो विकत घेतला, आणि पोर्ट फॉरवर्डिंग करायचंच आहे. मग क्रमाने जा.

पहिलं, डीव्हीआरचा घरातला पत्ता पक्का करा. राउटरच्या डीएचसीपी (घरातले पत्ते वाटण्याच्या) पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असतं. तिथे डीव्हीआरचा मॅक पत्ता (उपकरणाचा कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) टाकून त्याला, उदाहरणार्थ, १९२.१६८.३७.५० नेमून द्या. नाहीतर वीज गेली-आली की डीव्हीआरला नवा पत्ता मिळतो आणि फॉरवर्डिंगचा नियम तुमच्या टीव्हीकडे बोट दाखवत बसतो. मी ३७ मुद्दाम म्हटलं. बहुतेक राउटर कारखान्यातून १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ घेऊन येतात. घरी आणि बागेत दोन्हीकडे तोच पट्टा (पत्त्यांची तीच मालिका) असेल तर पुढे व्हीपीएन लावताना मोबाईलला कळत नाही की १९२.१६८.१.५० म्हणजे इथला की तिथला. आजच बदलून टाका, नंतर केलंत तर प्रिंटरपासून सगळं पुन्हा जोडावं लागतं.

दुसरं, आणि इथे बरेच जण ठेचकाळतात: डीव्हीआरमधला गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ता. कॅमेरे बसवणारा बहुधा डीव्हीआरमध्ये पत्ता हाताने टाकतो. पुढे राउटर बदलतो, राउटरचा पत्ता बदलतो, पण डीव्हीआरच्या नेटवर्क पानावर गेटवेच्या चौकटीत जुनाच १९२.१६८.१.१ राहतो. घरातल्या मोबाईलला काही फरक पडत नाही, कारण एकाच नेटवर्कमधली दोन यंत्रं थेट बोलतात, त्यांना गेटवे लागतच नाही. म्हणून घरात सगळं झकास दिसतं. बाहेरून मात्र पॅकेट आत येतं, नियमाप्रमाणे डीव्हीआरपर्यंत पोचतं, डीव्हीआर उत्तर लिहितो आणि ते अस्तित्वात नसलेल्या गेटवेकडे पाठवतो. उत्तर हवेत विरतं. माणूस राउटरमधला नियम दहा वेळा पुसून पुन्हा लिहितो, आणि नियम पहिल्यापासून बरोबरच असतो. डीव्हीआरच्या त्या पानावर पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस या चारही चौकटी वाचा. गेटवेच्या चौकटीत तुमच्या राउटरचा आजचा पत्ता हवा.

तिसरं, नियम. डीव्हीआरच्या कंपनीचा मूळ पोर्ट ठरलेला असतो: हिकव्हिजनचा ८०००, दाहुआचा ३७७७७, बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त डीव्हीआरचा ३४५६७. ॲपला बहुतेकदा तेवढाच पुरतो. वेबपेजचा ८० उघडायचं कारण नाही. टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती; टीसीपी हवं तिथे टीसीपीच निवडा, ‘दोन्ही’ नको. बाहेरचा नंबर वेगळा आणि आतला मूळचा ठेवता येतो, पण बाहेर ४८२१३ ठेवला म्हणजे सुरक्षित झालो असं समजू नका. त्याने भुरटे स्कॅन कमी लागतात, एवढंच. काही राउटरमध्ये ‘सोर्स आयपी’ची चौकट असते; कोणत्या पत्त्यावरून आलेल्यालाच आत सोडायचं ते तिथे लिहिता येतं. ऑफिसचा पत्ता पक्का असेल तर ही चौकट सोन्याची. मोबाईलवरून बघणाऱ्याला तिचा उपयोग नाही, कारण मोबाईलचा पत्ता बदलत राहतो.

चौथं, तपासणी. मोबाईलचं वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावरून तपासा. घरच्या वाय-फायवर बसून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर जाऊन बघितलं तर कित्येक राउटर ते पॅकेट आत वळवत नाहीत. मग सगळं ठीक असूनही बिघडलेलं वाटतं. तुमच्या राउटरवर प्रत्येक नियमापुढे पॅकेटचा आकडा दिसत असेल, मायक्रोटिक आणि ओपनडब्ल्यूआरटीवर तो दिसतो, तर निदान आणखी सोपं. बाहेरून प्रयत्न करताना आकडा हललाच नाही तर पॅकेट तुमच्यापर्यंत येत नाही, भांडण कंपनीशी. आकडा वाढतोय पण चित्र येत नाही, तर राउटर निर्दोष आहे. डीव्हीआरचा गेटवे बघा.

पाचवं, बदलता पत्ता. सार्वजनिक पत्ता असला तरी तो स्टॅटिक असेलच असं नाही. राउटर पुन्हा चालू झाला की अनेकदा नवा मिळतो. त्यासाठी डीडीएनएस: एक नाव घ्यायचं, राउटर आपला नवा पत्ता त्या नावावर नोंदवत राहतो. बऱ्याच राउटरमध्ये ही सोय आतच असते. फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. एकच घेतला तर वीज गेल्यावर वाय-फाय दिसतं आणि नेट नसतं.

एवढं सगळं करून डीव्हीआरचा पोर्ट उघडल्यावरही माझं मन लागत नाही, कारण त्या दारामागे बसलेला डीव्हीआर हा घरातला सगळ्यात कच्चा गडी असतो. उघडायचाच असेल तर एकच पोर्ट उघडा, आणि तो वायरगार्डचा. वायरगार्ड हे व्हीपीएन मार्च २०२० पासून लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्येच आलं आहे आणि आता बऱ्याच घरगुती राउटरमध्येही मिळतं. ते यूडीपीच्या एका पोर्टवर ऐकतं, सहसा ५१८२०. त्याची मला आवडणारी गोष्ट अशी की ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही. स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे की नाही हेच कळत नाही. (म्हणूनच ऑनलाइन पोर्ट तपासणाऱ्या साइटवर तो ‘बंद’ दिसला तर घाबरू नका, त्या साइट बहुतेक टीसीपीच तपासतात.) मोबाईलमध्ये वायरगार्डचं ॲप, राउटरमध्ये मोबाईलची किल्ली, ‘अलाउड आयपी’मध्ये फक्त घरचा पट्टा, आणि ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद. बागेतून व्हीपीएन चालू केलं की डीव्हीआर, प्रिंटर, जे घरात आहे ते सगळं मिळतं, आणि डीव्हीआर स्वतः बाहेरून अदृश्य राहतो. मोबाईल हरवला तर राउटरमधून त्या एका मोबाईलची किल्ली काढून टाकायची, बस्स.

हीच गोष्ट टॅलीसाठी ऑफिसचा कॉम्प्युटर घरून वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट थेट फॉरवर्ड केलेली अकाउंटंट मंडळी आजही भेटतात. मे २०१९ मध्ये त्या सेवेत ब्लूकीप नावाची गंभीर फट जाहीर झाली होती आणि मायक्रोसॉफ्टने मुदत संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली, यावरून काय ते समजा. रॅन्समवेअरवाले ३३८९ ला रोज टकटक करतात. मार्च अखेरीला डेटा ओलीस पडला तर कोणता क्लायंट थांबेल?

आयपीव्ही६ बद्दल थोडं, कारण याकडे कोणाचंच लक्ष नसतं. भारत आयपीव्ही६ वापरात जगात आघाडीवर आहे आणि तुमच्या जोडणीवरही ते बहुधा नकळत चालू असेल. आयपीव्ही६ मध्ये घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो, वाटणीची वही नसते. म्हणजे आयपीव्ही४ ला सीजीएनएटीच्या आड जे आपोआप झाकलेलं होतं, ते आयपीव्ही६ ला फक्त राउटरच्या फायरवॉलवर अवलंबून असतं. काही राउटरमध्ये आयपीव्ही६ फायरवॉलचं बटण वेगळं असतं आणि ते बंदही असू शकतं. ते शोधा, चालू करा. तुमच्या माणसाने फायरवॉल बंद केली तेव्हा ही पण बंद झाली असेल तर सीजीएनएटीमागे असूनही डीव्हीआर, टीव्ही, प्रिंटर बाहेरून गाठता येत असतील. पत्ते इतके अफाट असतात की स्कॅन करून सापडणं अवघड, पण डीव्हीआर ज्या ज्या सर्व्हरशी बोलतो तिथे त्याचा पत्ता नोंदला जातोच. उलट बाजूने पाहिलं तर सीजीएनएटीवाल्या घरात वायरगार्डसाठी आयपीव्ही६ वर एक नियम उघडणं हा स्टॅटिक आयपीचे पैसे वाचवणारा मार्ग आहे. फक्त घरचा पट्टा बदलू शकतो, म्हणून डीडीएनएस आयपीव्ही६ चं हवं आणि बागेतल्या मोबाईल नेटवर्कवरही आयपीव्ही६ हवं.

त्याच पानांवर फिरताना ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद आहे ना, ते बघा. राउटरचं सेटिंग पान बाहेरून उघडायची घरगुती माणसाला गरज नसते. राउटरचा ॲडमिन पासवर्ड डब्याखाली छापलेलाच असेल तर बदला.

आता एक्सबॉक्स. ‘स्ट्रिक्ट’ म्हणजे दुसऱ्या बऱ्याच खेळाडूंना तुमच्या कन्सोलशी थेट जोडता येत नाही. राउटरमध्ये यूपीएनपी चालू असेल तर कन्सोल स्वतःच राउटरला सांगून आपला पोर्ट उघडून घेतं, तुम्हाला न विचारता. सोय कन्सोलची, पण तीच सोय घरातल्या प्रत्येक उपकरणाला मिळते; एखाद्या स्वस्त कॅमेऱ्यालाही आणि लॅपटॉपमध्ये शिरलेल्या व्हायरसलाही. म्हणून मी यूपीएनपी बंद ठेवतो आणि कन्सोलला पक्का पत्ता देऊन ३०७४ हा पोर्ट यूडीपी आणि टीसीपी दोन्हींसाठी फॉरवर्ड करतो. हा ऑनलाइन खेळासाठीचा एक्सबॉक्सचा मुख्य पोर्ट. एवढं करून ‘ओपन’ आलं तर छान. घरात दोन कन्सोल असतील तर ३०७४ हाताने दोघांना देता येत नाही, तेव्हा यूपीएनपी चालू ठेवणं सोपं पडतं. मग निदान राउटरमधली यूपीएनपीची यादी अधूनमधून उघडून बघा, कोणी कोणता पोर्ट उघडून ठेवलाय ते तिथे दिसतं. डीव्हीआरच्या मेनूमध्येही यूपीएनपी असतं, ते न चुकता बंद करा. आणि वॅनचा पत्ता १०० ने सुरू होणारा निघाला तर मुलाला आधीच सांगून ठेवा की यूपीएनपी चालू करा की पोर्ट उघडा, आयपीव्ही४ वर ‘ओपन’ येणार नाही. बहुतेक खेळ तरीही चालतात, कधीमधी मित्राचा आवाज येत नाही इतकंच.

वॅनचा पत्ता बघून कळवा. पूर्ण पत्ता उघड लिहू नका, पहिले दोन आकडे पुरेत. सोबत राउटरचं मॉडेल आणि फायबरच्या डब्यावर लिहिलेलं नाव द्या, म्हणजे ब्रिज मोड त्यात कुठे सापडतो ते सांगता येईल.